गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे : वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

आपल्या निवासी विद्यालयातून बाहेर पडणारी मुले-मुली पूर्वी बहुधा डी.एड., पोलीस भरती, रेल्वे किंवा तलाठ्याची परीक्षा या ठरलेल्या वाटांनी जात असत. अलीकडे वाणिज्य शाखेकडे, पुढे बी.बी.ए. आणि एम.बी.ए.कडे वळणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरावी इतकी वाढली आहे. कुणी बँकेच्या कर्ज विभागात आहे, कुणी बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपनीत वसुली पाहतो, कुणी राइस मिलमध्ये हिशेब ठेवते. काहींनी स्वतःची दुकाने थाटली आहेत. या मुलांना ताळेबंद जुळवता येतो, संगणक येतो, चारचौघांत बोलता येते. परंतु ज्या माणसाशी व्यवहार करायचा तो माणूस कोण, तो कोठून आला, त्याच्या घरात कशाला मान आहे आणि कशाने त्याचा अपमान होतो, हे शिकवण्याची जबाबदारी अभ्यासक्रमात नेमकी कोणत्या विषयाकडे आहे, असा प्रश्न मला पडला. बारावीच्या वाणिज्य संघटनाच्या पुस्तकात व्यवसायाच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर एक प्रकरण आहे. विद्यार्थी ते पाठ करतात, मुद्दे लिहितात, गुण मिळवतात. त्या मुद्द्यांत माणूस मात्र भेटत नाही. इतिहासाच्या शिक्षकाने वाणिज्याच्या प्रांगणात पाऊल ठेवण्याचे कारण हेच.

व्यवस्थापनशास्त्रात या विषयाला ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ असे भारदस्त नाव आहे. एम.बी.ए.च्या पुस्तकांत गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाचा उल्लेख हमखास येतो. आय.बी.एम. कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्या तपासून त्यांनी 1980 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्रत्येक देशाला सत्ता, व्यक्ती, अनिश्चितता अशा कसोट्यांवर गुण दिले. जपानी माणसाला भेटकार्ड कसे द्यावे, अरब व्यापाऱ्यासमोर कसे बसावे, अशा सूचनाही या विषयाच्या नावाखाली शिकवल्या जातात. त्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. पण या पद्धतीत संस्कृतीची सीमा देशाच्या सीमेवर आखलेली असते आणि संपूर्ण भारताला मिळून एकच आकडा मिळतो. आपल्या जिल्ह्यात ही सीमा आठवडी बाजारातल्या तराजूच्या दोन पारड्यांमधून जाते.

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. गोंदिया शहरातील पेठेत हिंदी चालते आणि कित्येक पेढ्यांच्या घरांत गुजराती, मारवाडी किंवा सिंधी. तिरोडा-गोरेगाव-आमगावकडे पोवारी बोलणारी घरे आहेत. सालेकसा-देवरीच्या पूर्वेला छत्तीसगढी सुरू होते आणि त्याच पट्ट्यात गोंडी. दक्षिणेला झाडीबोली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ 1972 पासून ‘नोरग्येलिंग’ ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हे सारे लोक एकाच बाजारात धान, मिरची, कापड, मोबाईल आणि कर्ज यांचा व्यवहार करतात. परदेशी न जाता परसंस्कृतीचा अभ्यास करण्यासाठी याहून चांगली शाळा कोठे मिळणार?

मी अकरावी-बारावीच्या मुलांना हा पाठ देतो तेव्हा तेंदूपत्त्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात आकडे आहेत आणि वाणिज्याच्या मुलांना आकडे आवडतात. महाराष्ट्रात तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने. समजा, एका कुटुंबाने दिवसाला शंभर पुडे बांधले, तर त्यांचे सात हजार वेळा झाडाशी हात गेले. उजाडण्यापूर्वी बाया-माणसे जंगलात जातात, दुपारी घरी सगळे मिळून पाने जुळवतात, संध्याकाळी पुडे घेऊन संकलन केंद्रावर, म्हणजे आपल्या भाषेत फळीवर, येतात. तेथे मुन्शी पुडे मोजतो. शंभरांतले पाच पुडे त्याने ‘पान बारीक आहे’ म्हणून बाजूला सारले, तर साडेतीनशे पाने एका हाताच्या हालचालीत नाहीशी झाली. मी मुलांना विचारतो : हे नुकसान कोणत्या खात्यावर टाकाल?

वर्गात शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतो, “सर, गुणवत्ता तपासणी तर कोणत्याही धंद्यात असते.” बरोबर आहे. मग पुढचा प्रश्न. तपासणी कोणत्या भाषेत झाली? नाकारलेला पुडा परत दिला की फळीवरच राहिला? बाईला कारण विचारता आले का? विचारले असते तर मुन्शी तिला काय म्हणाला असता, ‘अहो’ की ‘ए’? या शेवटच्या प्रश्नावर वर्ग हसतो आणि लगेच गप्प होतो, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. बहुतेकांची आजी कधी ना कधी फळीवर किंवा बिडी कारखान्याच्या दारात उभी राहिलेली असते. बिडीच्या धंद्यातही हीच गोष्ट होती. वळून आणलेल्या बिड्यांतून ‘छाट’ काढायची, तिची मजुरी द्यायची नाही. या प्रथेला आळा घालण्यासाठी 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याखालील नियमांत नाकारण्याच्या प्रमाणावर मर्यादा घालावी लागली. त्याच्या कितीतरी आधी कामठीच्या बाबू हरदास एल. एन. (1904–1939) यांनी मध्य प्रांतातील बिडी कामगारांना संघटित केले आणि ठेकेदाराच्या हातून सुटण्यासाठी सहकाराचा मार्ग दाखवला. ‘जय भीम’ या अभिवादनाशी आपण त्यांचे नाव जोडतो. त्यांच्या कामगार संघटनेचा मात्र आपल्याला विसर पडतो. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तरी तो पडू देऊ नये.

तेंदूच्या व्यवहारात एक मोठा बदल आपल्या डोळ्यांदेखत घडला आहे. 1969 च्या कायद्याने या पानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. वनखात्याने लिलाव करायचा, ठेकेदाराने युनिट घ्यायचे, गावाने पाने तोडायची, अशी रचना होती. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ते गोळा करणाऱ्यांकडे दिली. आपला जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येत नाही, त्यामुळे शेजारच्या गडचिरोलीला लागू असणारा पेसा कायदा येथे नाही. येथे जे काही घडले ते वनहक्काच्या बळावर. 2013 च्या हंगामापासून गोंदिया आणि गडचिरोलीतील काही ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः गोळा करून व्यापाऱ्यांना थेट विकण्यास सुरुवात केली.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. पूर्वी व्यापारी लिलावाच्या दालनात बोली लावून परत जात असे. आता त्याला गावात यावे लागते. झाडाखाली किंवा समाजमंदिरात ग्रामसभा बसलेली असते, बाया पुढे असतात, चर्चा अर्धी गोंडीत आणि अर्धी मराठीत होते. निर्णय लगेच होत नाही. एखाद्या म्हाताऱ्याचे म्हणणे ऐकून घेईपर्यंत सगळे थांबतात. शहरातून आलेला तरुण अधिकारी घड्याळ पाहतो आणि ‘यांना निर्णय घेता येत नाही’ असा निष्कर्ष काढतो. खरे पाहता ही निर्णयाचीच पद्धत असते. ज्या गावात एकमत झाल्याशिवाय ठराव होत नाही, तेथे झालेला करार सहसा मोडत नाही, आणि कराराची शाश्वती ही व्यापारात केवढी मोठी किंमत आहे हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीच्या याच बळावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्याने बाहेर काढला.

असेच कालगणनेचे. कोया पुनेम मानणाऱ्या अनेक घरांत नव्या पिकाचा पहिला घास देवाला आणि पूर्वजांना दिल्याशिवाय कोणी खात नाही. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. त्या आठवड्यात गावात हप्त्याची बैठक लावणारा अधिकारी आळशी लोकांना दोष देत परततो. दोष त्याच्या दिनदर्शिकेचा असतो. वसुलीचे काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितले की, त्याच्या कंपनीच्या यादीत दिवाळी, ईद, नाताळ यांच्या सुट्ट्या होत्या, कचारगडचे नावही नव्हते. त्याने वरिष्ठांना कळवून त्या गावांचा वार बदलून घेतला. एवढीशी गोष्ट, पण मला ती एम.बी.ए.च्या एखाद्या प्रकल्प अहवालाहून मोलाची वाटली.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. संवेदनशीलता म्हणजे सणाच्या दिवशी फलक लावणे, असा एक सोपा समज पसरला आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानाने 6 डिसेंबरला महामानवाचे छायाचित्र छापून खाली ‘हार्दिक शुभेच्छा’ असे लिहिले होते. हेतू वाईट नसावा, ग्राहक जोडण्याचाच असावा. पण महापरिनिर्वाण दिनी शुभेच्छा देणाऱ्याने आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिले, माणूस म्हणून पाहिले नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकाला त्या क्षणी जाणवले. हीच चूक आपले एखादे मूल कचारगडच्या यात्रेत ‘जय सेवा’चा फलक लावून आणि त्याच मंडपात कर्जाचा इंग्रजी अर्ज पुढे करून करू शकते. अभिवादन गोंडीत आणि अटी इंग्रजीत, हा व्यवहार सभ्य दिसतो, पण प्रामाणिक नसतो.

आता या पाठाचा जो भाग मी सर्वाधिक वेळ देऊन शिकवतो, तो सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्रज्ञ होते हे मुलांना माहीत असते. ते वाणिज्य महाविद्यालयाचे प्राध्यापक होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याहून कमी जणांना ठाऊक असते की त्याआधी त्यांनी स्वतः व्यवसाय करून पाहिला होता. 1917 साली लंडनहून परतल्यावर बडोदा संस्थानाच्या नोकरीत त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी विश्रामगृहातून बाहेर काढले गेल्यावर ते मुंबईस परतले. तेथे त्यांनी समभाग आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी सुरू केली. सुरुवात बरी झाली. पुढे सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले.

हा प्रसंग सांगून मी मुलांना हिशेब मांडायला लावतो. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास केलेला सल्लागार. त्या काळच्या मुंबईत अशी किती माणसे असतील? ग्राहकाला काय हवे होते? चांगला सल्ला. तो मिळत होता. मग तो उठून का गेला? आपल्या पाठ्यपुस्तकातला ग्राहक विवेकी असतो, तो फक्त किंमत आणि उपयोगिता पाहतो. मुंबईच्या त्या ग्राहकाने स्वतःचे नुकसान सोसले, पण जात पाहिली. बाजार आंधळा असतो, तो पैशाशिवाय काही पाहत नाही, हे विधान या एका उदाहरणावर तपासून पाहा, असे मी सांगतो. मुले बराच वेळ वाद घालतात. एकदा एका मुलीने विचारले, “सर, मग आज ॲपवरून मागवताना आडनाव दिसत नाही, ते बरे नाही का?” प्रश्न उत्तम होता. मी तिलाच म्हटले की घरी सामान पोचवणाऱ्या मुलाला कोणत्या पेल्यात पाणी देतात, ते बघून ये आणि मग वर्गात सांग.

नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1913 साली स्थापन झालेली ही संस्था देशातील वाणिज्य शिक्षणाच्या अग्रभागी होती. तेथील विद्यार्थी प्रारंभी त्यांच्याविषयी उदासीन होते, पुढे त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही येऊ लागले. परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे ज्या इमारतीत चलन, व्यापार आणि बँकव्यवहार शिकवले जात होते, त्याच इमारतीत पाण्याचा व्यवहार जातीने चालत होता. मार्च 1920 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी लंडन गाठले. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणखी तीस वर्षांनी, 1953 मध्ये, त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय उघडले. वाणिज्य आपल्या मुलांचा विषय नाही, असे अजूनही म्हणणाऱ्या पालकांनी हे साल लक्षात ठेवावे.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट याच मालिकेतली. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असे की बाण्याचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा अनेकांच्या हाती जाई. सवर्ण कामगारांनी विटाळाचे कारण पुढे केले. मालकांनीही ती चौकट मोडली नाही. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे ठेवला. आज मनुष्यबळ व्यवस्थापनात ‘कर्मचाऱ्यांच्या भावनांचा आदर’ असा धडा असतो. मी विचारतो, कोणत्या कर्मचाऱ्यांच्या? विणकाम खात्यातल्यांच्या की दाराबाहेर ठेवलेल्यांच्या? संस्कृतीचा आदर करा, असे सरसकट सांगणे धोक्याचे असते, कारण विटाळ हीसुद्धा कुणाची तरी संस्कृतीच होती. प्रथा कोणाचे काय हिरावून घेते हे तपासल्यावाचून तिला मान देणे म्हणजे बलवानाला मान देणे. एम.बी.ए.च्या पुस्तकांशी माझा खरा मतभेद आहे तो येथे.

गोंदियाच्या राइस मिलमध्ये काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक उदाहरण देतो. एच.एम.टी. तांदूळ माहीत नाही असा माणूस आपल्याकडे नाही. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड (ता. नागभीड) येथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात वर्षानुवर्षे लोंब्या निवडून विकसित केले. नाव पडले ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच वाणावर काम करून आपल्या नावाने वाण प्रसारित केले, त्यात दादाजींना श्रेय नव्हते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला तो 2005 साली. 3 जून 2018 रोजी ते गेले, तेव्हाही परिस्थिती हलाखीचीच होती. लाखो पोत्यांवर घड्याळाचे नाव छापले गेले, शेतकऱ्याचे नाही. पोत्यावर काय छापायचे हे ठरवणाऱ्या खोलीत आता आपली मुलेही बसतात, म्हणून हे सांगितले.

नोरग्येलिंगच्या तिबेटी बांधवांकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. शेती थोडी, म्हणून थंडीत ही मंडळी शहरोशहरी स्वेटरचा बाजार मांडतात. माल बराचसा लुधियानाच्या ठोक व्यापाऱ्यांकडून हंगामापूर्वी उधारीवर उचलायचा आणि हंगाम संपल्यावर रक्कम चुकती करायची, असा हा व्यवहार देशभरातील तिबेटी विक्रेत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला आहे. एका बाजूला पंजाबी व्यापारी, दुसऱ्या बाजूला देश गमावलेले निर्वासित. धर्म वेगळा, भाषा वेगळी, तारण ठेवायला जमीन नाही. तरी उधारी चालते, कारण शब्द पाळला जातो. आपले विद्यार्थी त्या वसाहतीत गेले तर एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येईल : तेही बौद्ध, आपणही बौद्ध, पण त्यांचे विहार, त्यांचे मंत्र, त्यांचा नववर्षाचा लोसार सण आपल्याला अपरिचित. एक नाव असले की आतले सगळे सारखे असते, हा समज तेथे सहज गळून पडतो.

हा पाठ मला तातडीचा वाटतो, त्याचे कारण स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्या आजोबांच्या पिढीने गल्ल्याच्या बाहेरून व्यवहार केला. दुकानदार वरून पुडी टाकत असे, पैसे पायरीवर ठेवावे लागत. आपली मुले आता गल्ल्याच्या आत बसली आहेत. समोर उभी असलेली बाई बहुधा गोंड असते, कधी ढिवर, कधी छत्तीसगढहून आलेली मजूर. तिला अर्ज वाचता येत नाही, ती दोनदा विचारते. त्या वेळी आपल्या मुलाच्या तोंडून ‘ए बाई, कळत नाही का’ असे निघत असेल, तर तो आवाज त्याने कोठून उचलला? मी एका बँकेच्या शाखेत हे स्वतः ऐकले आहे. बोलणारा आपल्याच वस्तीतला होता. आपण सोसलेला अपमान आपोआप आपल्याला संवेदनशील करतो, हा भ्रम आहे. तो कधी कधी फक्त अपमान करण्याची रीत शिकवतो.

म्हणून वर्गातल्या चर्चेवर मी थांबत नाही. मुलांना दोन-दोनच्या जोडीने आठवडी बाजारात पाठवतो. एकाने विक्रेत्याच्या बाजूला बसायचे, दुसऱ्याने ग्राहकाच्या. दोन तासांत कोणाला ‘अहो’ म्हटले गेले आणि कोणाला ‘ए’, भाव कोणी आधी सांगितला, काटा कोणाला दिसत होता, सुटे पैसे हातात दिले की पाटावर ठेवले, इतकेच टिपायचे. मत लिहायचे नाही. दुसऱ्या दिवशी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून वाचायच्या. एकाच व्यवहाराच्या दोन नोंदी इतक्या वेगळ्या निघतात की मुले आपापसांत भांडतात, कोण खोटे लिहून आले म्हणून. खोटे कोणीच लिहिलेले नसते.

ज्या माजी विद्यार्थ्यांची दुकाने, मिल किंवा कार्यालये जिल्ह्यात आहेत, त्यांच्याकडे एक मागणे आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते आणि तेंदूचा हंगाम एप्रिलअखेरीस लागतो. मधल्या त्या मोकळ्या दिवसांत दोन मुलांना आठ दिवस आपल्या गल्ल्याशेजारी बसू द्यावे. पगार नको, एक स्टूल पुरे. आणि त्यांच्या वहीत आपल्याविषयी जे लिहिलेले असेल, ते शेवटच्या दिवशी मागून वाचावे.